लॉट दोनशे चौदा

"आवाज येतो अंकल, पण तो येतो कुठून तेच कळत नाय," मरोळ गावठाणातला कॉस्मस बुधवारी फोनवर म्हणाला, आणि माझ्या हातून गेलेला एक स्पीकर चाळीस वर्षांत प्रथमच परत येतो आहे, एवढेच त्या क्षणी माझ्या लक्षात आले. सोमवारी त्याने रिक्षात आडवा घालून आणलेला साडेतीन फुटी लाकडी कॉलम मी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या अर्ध्या गाळ्यात उघडला होता. उभ्या खोक्यात एकावर एक असे चार स्पीकर. वरच्या दोघांच्या कॉइल जळून गेलेल्या, खालचे दोन ठणठणीत. जळालेले काढून त्याच मापाचे दोन नवे मी बसवले, लाल ठिपक्याच्या टोकाला लाल वायर आणि दुसऱ्या टोकाला काळी असे सोल्डरचे डाग दिले, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळले आणि पाच मिनिटे रेडिओ लावून आवाज ऐकला. तो ऐकताना मी कॉलमपासून हातभर अंतरावर बसलो होतो. "मागं गेलं की फादर पिंपात तोंड घालून बोलतात असं वाटतं," कॉस्मस सांगत होता. "पोरं हसतात. आणि शनिवारी क्रुसाचा सण हाय आमचा. ममा बोलली, ज्यानं केलं त्यालाच दाखव." मी त्याला गुरुवारी सकाळी कॉलम घेऊन यायला सांगितले, आणि फोन ठेवल्यावर, अडुसष्टाव्या वर्षी तंत्रनिकेतनाच्या पदविकाधारकाने करू नये अशी गोष्ट केली: काहीही न तपासता मनातल्या मनात त्याच्या ॲम्प्लिफायरला दोष दिला.

गुरुवारी कॉस्मस समोरच्या स्टुलावर बसला होता आणि मी कॉलमची मागची फळी काढत होतो. तो विमानतळावर मालविभागात आहे, सदतीस वर्षांचा, बोलका. गप्प बसणे त्याला जड जाते. मी मात्र कामाच्या वेळी बोलत नाही, ही सवय मला आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सरांनी लावली. स्पीकरला दोन टोके असतात आणि त्यांतल्या एकाशेजारी लाल ठिपका असतो. दीड व्होल्टच्या साध्या सेलचे धन टोक त्या ठिपक्याकडे आणि ऋण टोक दुसरीकडे क्षणभर टेकवले, की 'टक्' असा आवाज होऊन कागदी पडदा बाहेर, आपल्या दिशेने, यायला हवा. एका खोक्यातले चारही पडदे एकाच वेळी बाहेर आले आणि एकाच वेळी आत गेले पाहिजेत. दोन हवेला ढकलत असताना उरलेले दोन ओढत असतील, तर जवळ कान नेणाऱ्याला पुष्कळ ऐकू येते आणि चार पावले मागे उभ्या असलेल्या माणसाला पोकळी मिळते. हे सगळे मी इतरांना शिकवलेले आहे. नवे दोन स्पीकर मी सोमवारी बसवण्यापूर्वी सेलने तपासले होते, त्यांचे ठिपके बरोबर होते. खालच्या दोन जुन्यांना मात्र मी सेल लावला नव्हता. आता लावला. डाव्या हाताची तर्जनी पडद्यावर हलकी ठेवली होती. 'टक्' झाले आणि बोटाखालचा कागद निघून गेला. पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा तो आत गेला. मी दुसऱ्याला लावला. तोही आत गेला.

ते जुने दोन मी का तपासले नाहीत याचे उत्तर मला सोमवारीच ठाऊक होते आणि त्याचा मला अभिमान होता. त्यांच्या चुंबकावर निळ्या शाईत जो शिक्का होता, तो मरोळच्या आमच्या कारखान्याचा. तिथे मी तेरा वर्षे नोकरी केली, त्यांतली नऊ अंतिम तपासणी विभागाचा प्रमुख म्हणून. त्या शिक्क्याखालचा ठिपका म्हणजे माझी सही होती, आणि आपली सही कोणी पुन्हा वाचून पाहत नाही. आता मी चष्मा बदलून, ओल्या फडक्याने धूळ पुसून शिक्का पूर्ण वाचला. फेब्रुवारी सत्त्याऐंशी. लॉट दोनशे चौदा. "हे स्पीकर तुम्ही घेतले कुठून?" मी विचारले. "घेतले नाय अंकल. रिजेक्ट माल तो. माझी ममा त्या कारखान्यात होती ना, तिकडे वाटत होते, पप्पांनी आठ पीस उचलले आणि दोन खोके बनवले. क्रुसाला दिले. मी जन्मलो त्याच वर्षी, बघा, म्हणजे माझ्याच वयाचे." मग तो हसला. "ममाची नोकरी माझ्यामुळे गेली, असं बोलते ती. मी पोटात होतो, तिचं लक्ष नव्हतं, काय तरी मोठी चूक केली बोलते. म्हणजे मी जन्मायच्या आधीच वाट लावली तिची." मी सेल टेबलावर ठेवला, तो गडगडत कडेला गेला, तिथे मी तो हाताने अडवला. "आईचं नाव काय तुमच्या?" "ल्युसी. का?" "काही नाही," मी म्हणालो. "याला वेळ लागेल. ठेवून जा. शनिवारी दुपारी मी स्वतः आणून बसवतो." काम दहा मिनिटांचे होते. दोन्ही नव्यांवरच्या लाल-काळ्या वायरी आपसात बदलायच्या, की चारही एका दिशेने चालू लागले असते, फादरांचा आवाज पिंपातून बाहेर आला असता आणि कॉस्मस दुपारच्या पाळीला वेळेवर पोहोचला असता.

तो गेला. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्यांचे यंत्र चालते, त्याचा ठराविक उसासा दर अठरा सेकंदांनी येतो. मी तो मोजत राहिलो. ल्युसीबाईंचा चेहरा मला आठवेना. त्यांचे हात आठवले. लांब टेबलाच्या शेवटी खिडकीकडे पाठ करून त्या बसत, डाव्या हातात स्पीकर उलटा धरून, कॉइलचे सुरुवातीचे टोक उजवीकडच्या पत्र्याच्या जिभेवर डाग देऊन जोडत आणि लगेच तिच्या शेजारी काडीने लाल रंगाचा ठिपका ठेवत. ठिपका देत नसत, ठेवत. जसे कपाळाला कुंकू लावताना बोट थांबते तसे त्यांची काडी थांबे, आणि त्यांचे ठिपके सगळे एका मापाचे असत. त्यांच्या टेबलावरून स्पीकर माझ्याकडे येई. तोवर त्याचे चुंबक हे नावालाच चुंबक असते, नुसती काळी जड चकती. तिच्यात चुंबकत्व शेवटी भरायचे असते. ते भरणारे चार्जिंग मशीन माझ्या ताब्यात होते. स्पीकर त्याच्या जबड्यात ठेवायचा, बटण दाबायचे, जमिनीतून एक 'धप्प' पायाला जाणवे, छतावरच्या ट्यूबलाइटच्या नळ्या क्षणभर मंद होत, आणि चकती जन्मभरासाठी चुंबक होई. मग विसात एक या प्रमाणात मी सेल लावून पाहत असे. इतके साधे. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी मी दोनशे चौदाव्या लॉटमधला एक घेतला आणि पडदा आत गेला. दुसरा घेतला. दहावा घेतला. तीनशेच्या तीनशे उलटे होते.

कारखान्याच्या शेठने विचारले, कोणाचे काम? आणि मी, एका सेकंदाचाही विचार न करता, ठिपका म्हणालो. उलट्या स्पीकरचा ठिपका उलटा असतो, हे पुस्तकातच आहे. ल्युसीबाईंना बोलावले. "मी रोजच्यासारखाच लावला, साहेब," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "बघा," आणि सेल टेकवला. टक्, आत. पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवला. आजूबाजूच्या बाया उठून आल्या होत्या. ल्युसीबाई वाकल्या, पडद्याच्या अगदी जवळ डोळे नेले, आणि मग सरळ होऊन अगदी हळू म्हणाल्या, "मग माझंच चुकलं असंल." सगळा प्रश्न तिथे मिटला. त्यांना सोमवारपासून येऊ नका असे सांगण्यात आले; ते मी सांगितले नाही, पण मी तिथे उभा होतो. सोमवारी त्यांच्या जागी दुसरी मुलगी बसली, दोनशे पंधरावा लॉट निघाला, मी त्यातले विसात एकप्रमाणे पंधरा तपासले आणि पंधराच्या पंधरा पडदे बाहेर आले. याहून स्पष्ट पुरावा काय असतो? माणूस बदलला, चूक थांबली. मी नोंदवहीत तसे लिहिले, माझ्या नेहमीच्या अक्षरात, पट्टीने ओळ मारून.

आणि आता चारकोपच्या गाळ्यात, बादल्यांच्या यंत्राच्या दोन उसाशांच्या मधल्या जागेत, मला काळी चिकटपट्टी आठवली. अडतीस वर्षांत ती एकदाही आठवली नव्हती असे मी म्हणू शकणार नाही. एखादी वस्तू घरात कुठेतरी आहे हे माहीत असते आणि आपण ती शोधत नाही, तशी ती होती. त्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी मी चार्जिंग मशीनच्या दोन जाड केबली सोडवल्या होत्या, कारण त्यांचे पितळी तोंड काळे पडले होते. पॉलिश पेपरने घासून मी त्या परत लावल्या. केबली उलट्या लागल्या तर चकतीही उलटी भरते, म्हणून एका केबलीवर लाल पट्टी गुंडाळायची असते. लाल संपली होती, म्हणून दोन्हींना काळीच लावली, उद्या लाल आणू असे म्हणून. गुरुवारी सकाळी दोनशे चौदावा लॉट सुरू झाला. रविवारी कारखाना बंद असताना मशीनवाल्याचा माणूस फुगलेला कपॅसिटर बदलायला आला, आणि त्याने जाताना केबली आपल्या नकाशाप्रमाणे जोडल्या असणार. म्हणजे शनिवार आणि सोमवार यांच्यामध्ये ल्युसीबाई गेल्या, ही एकच घटना घडली नव्हती. दोन घडल्या होत्या. पण रविवारची घटना माझ्या नोंदवहीत वेगळ्या पानावर होती, देखभालीच्या, आणि ती दोन पाने मी कधी शेजारी ठेवली नाहीत.

आठवणीवर निष्कर्ष काढू नये, हे मी शिकलो आहे. म्हणून जळालेल्या दोन स्पीकरांपैकी एक पिशवीत घालून मी दुपारी घरी आलो. आमच्या सेक्टरमधल्या घरात स्वयंपाकघराच्या फडताळावर जो रेडिओ आहे, त्यात मी पंच्याऐंशी साली आमच्याच कारखान्याचा एक स्पीकर बसवला होता. तो मी खाली काढला. "आता माझा रेडिओ कशाला खोलताय?" माझी बायको प्रेमा म्हणाली. "पंच्याऐंशीनंतर घरात तुम्ही हात न लावलेली तेवढी एकच वस्तू आहे, म्हणून चालते." कपाटातून मी माझी कंपास पेटी काढली आणि तिच्यातली पितळी डबी, होकायंत्र, जे मी तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षी घेतले होते. चुंबकाच्या फार जवळ होकायंत्र नेऊ नये, त्याची स्वतःचीच सुई उलटी भरली जाते आणि मग ते आयुष्यभर खोटे सांगते. म्हणून मी दोन्ही स्पीकर टेबलाच्या दोन टोकांना पालथे ठेवले आणि वीतभर अंतरावरून आधी रेडिओच्या स्पीकरला दाखवले. सुईचे निळे टोक वळून स्पीकरच्या पाठीकडे आले. मग लॉट दोनशे चौदा. सुई थरथरली, गिरकी घेतली आणि तिने निळे टोक माझ्याकडे केले. मी खिडकीत जाऊन गोराईच्या खाडीकडे उजवा खांदा वळवून... नाही, डावा; त्या गडबडीत मला डावे-उजवेही धड सुचत नव्हते. पश्चिमेला डावा खांदा केल्यावर तोंड उत्तरेला येते आणि निळे टोक नाकासमोर. होकायंत्र ठीक होते. मी पुन्हा टेबलाशी आलो आणि पुन्हा पाहिले. मग दोन्ही स्पीकरांच्या जागा बदलून पाहिले. प्रेमा ओट्याला टेकून हे बघत होती.

मी तिला ल्युसीबाईंपासून सगळे समजावले, कारण समजावताना माझे मलाच तपासता येते. पडदा कुठल्या दिशेने जाईल हे दोन गोष्टी ठरवतात: ठिपका कुठल्या टोकाला आहे ही एक, आणि चुंबक कुठल्या दिशेने भरले आहे ही दुसरी. दोघांतली एक उलटली तर पडदा आत जातो. दोन्ही उलटल्या तर काही घडलेच नाही असा तो बाहेर येतो. सेल तुम्हाला फक्त पडदा दाखवतो. दोघांपैकी कोण चुकले ते सेलला सांगता येत नाही, कधीच आले नसते, मी तीनदा लावला काय आणि तीनशे वेळा लावला काय. ते सांगते ती ही सुई. चुंबक उलटे आहे. पडदाही आत जातो. म्हणजे एकच गोष्ट उलटी आहे, आणि ती चुंबक. म्हणजे ठिपका बरोबर होता. "आणि चुंबक भरायचं काम?" प्रेमाने विचारले. "माझं." तिने गॅस बारीक केला. कुडाळची भाषा तिच्या तोंडी आता क्वचित येते, ती आली. "आता सांगान काय होतला?" मी होकायंत्र कंपास पेटीत ठेवले. "वायरी बदलल्या की वाजतील ना ते? मग बदला." थोड्या वेळाने, माझ्यापुढे चहा ठेवताना, ती पुन्हा म्हणाली, "नाही, सांगा हवं तर. पण कोणाला बरं वाटावं म्हणून सांगताय ते आधी ठरवा. तिला की तुम्हाला?" मी प्रामाणिकपणे म्हणालो की मला माहीत नाही. "तिथं जाऊन रडू नका म्हणजे झालं," प्रेमा म्हणाली. "ती बिचारी तुम्हालाच पाणी देत बसेल."

शुक्रवारी मी कॉलमला हात लावला नाही. वायरी बदलून ठेवल्या असत्या तर शनिवारी मी फक्त तो टेकवून निघून आलो असतो, एवढी माझी मला ओळख आहे. दिवसभर मी इतर कामे केली आणि मधून मधून एका हिशेबात अडकत राहिलो, जो विजेचा नव्हता. आमच्या लॉटमधले तीनशे स्पीकर उलटे होते, पण सगळेच उलटे असल्यामुळे आपसांत ते जुळत होते; आठच्या आठ एका दिशेने आत, एका दिशेने बाहेर. अडतीस वर्षे मरोळच्या क्रुसापुढे ते निर्दोष वाजले. त्यांच्यात दोष उत्पन्न झाला तो सोमवारी, मी दोन बरोबर स्पीकर त्यांच्यात बसवल्यावर. असे पाहिले तर त्या बाईच्या आयुष्यातही सगळे एका दिशेने बसलेले असेल, चुकीच्या पण एकाच दिशेने, आणि मी सत्याची एक सुटी चकती घेऊन चाललो होतो. हा विचार मला सोयीचा होता. सोयीचा आहे हे कळल्यावर मी तो सोडून दिला, आणि अर्ध्या तासाने तो पुन्हा आला.

शनिवारी दुपारी तीन वाजता मी कॉलम घेऊन मरोळ गावठाणात उतरलो. मेट्रोच्या खांबांपासून दोनच मिनिटांवर घरे अजून बुटकी आहेत, आणि चौकातल्या पांढऱ्या क्रुसाला झेंडूच्या माळा आधीच बांधल्या होत्या. कॉस्मस शिडीवर चढून दिव्यांची वायर ओढत होता. "ममा आत हाय अंकल," तो वरून म्हणाला. "तुमचं नाव सांगितलं, तेरसे बोललो, तर कालपासून गप्पच हाय." ल्युसीबाई ओटीवर आल्या. सत्तरीच्या, बारीक झालेल्या, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. हात तेच होते. "तेरसेसाहेब," त्या म्हणाल्या, "या. पंखा हाच ना लावू? की तो?" मी म्हणालो, कुठलाही. त्यांनी बटण दाबले, पंख्याकडे पाहिले, पुन्हा बटणाकडे पाहिले. त्या अर्ध्या तासात त्यांनी किती वेळा खात्री करून घेतली ते मी मोजले नाही, पण मला ते मोजल्यासारखे आठवते: पाण्याचा ग्लास "हाच ना धुतलेला?", दारातून शिडीवर "कॉस्मस, वायर डावीकडनंच ना?", आत जाऊन गॅस पाहून येणे, आणि परत एकदा जाऊन पाहणे. "एक वस्तू ही बाई एकदा करत नाय," कॉस्मस वरून म्हणाला. "चष्म्याच्या डॉक्टरकडे अक्षर वाचायच्या आधी मला विचारते, बरोबर हाय ना म्हणून."

मी कॉलम ओटीवर आडवा ठेवला, मागची फळी काढली, पिशवीतून प्रेमाच्या रेडिओचा स्पीकर काढून दूर ठेवला आणि म्हणालो, "ल्युसीबाई, तुम्हाला एक दाखवायचं आहे." माझा आवाज मला तपासणी विभागातल्यासारखा ऐकू आला. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या खिशाकडे पाहिले. "सेल नको," त्या म्हणाल्या. "तो मी बघितलाय." मी पितळी डबी काढली आणि त्यांच्या हातात दिली. स्पीकरच्या पाठीपासून किती दूर धरायची तेवढे सांगितले आणि हात मागे घेतला. त्यांनी आधी रेडिओच्या स्पीकरला धरली, बराच वेळ. मग गुडघ्यावर सरकत कॉलमच्या खालच्या, जुन्या स्पीकरापाशी आणली. सुई फिरली. त्या परत गेल्या, परत आल्या. "ह्याचा निला काटा ह्याच्याकडं. आणि ह्याचा पलतो." "हो." "म्हणजे काय?" मी सांगितले. चकती, मशीन, केबली, काळी पट्टी, रविवारी आलेला माणूस. ठिपका बरोबर होता, आठही स्पीकरांवर, तीनशेच्या तीनशेवर. उलटे भरले गेले ते चुंबक, आणि ते माझे काम होते. हे मी प्रेमाला सांगितले त्याच क्रमाने सांगितले, कारण मला दुसरा क्रम येत नव्हता. बाहेर कॉस्मस कोणाला तरी, अरे खेच ना यार, असे ओरडत होता.

"ही डबी तेवा होती तुमच्याकडं?" त्यांनी विचारले.

मी हा प्रश्न अपेक्षिला नव्हता. मी माफीची तयारी करून आलो होतो, रागाचीही, तपासणीची नव्हती. "होती," मी म्हणालो.

"कुठं?"

"माझ्या टेबलाच्या खणात."

त्यांनी मान हलवली, जणू एखादा आकडा जुळला. "तुमी मला तीनदा दाखवलं," त्या म्हणाल्या. "मी जवल जाऊन बघितलं. मला वाटलं, माझा हात मला न सांगता काय पण करतो. पोटात कॉस्मस होता, सगल्या बाया बोलल्या, असं होतं. मग दुसऱ्या दोन कारखान्यांतनं बोलवायला आले, मी नाय गेले. हे आठ पीस ह्यांनी आणले तेवा मी बोलले, माझी चूक हाय तर माझ्याच गावात वाजू दे." त्यांनी डबी माझ्यापुढे ठेवली. "तीनदा. पण एकच गोष्ट तीनदा." मी म्हणालो, "हो. एकच." धुतलेला ग्लास हाताशी होता, पण तो उचलणे मला बरोबर वाटले नाही. माझे चुकले, असे मी म्हणालो. ते वाक्य ओटीवर पडून राहिले, ते त्यांनी उचलले नाही आणि परतही केले नाही.

"आता कसं करायचं?" त्यांनी विचारले, आणि त्या कॉलमबद्दल बोलत होत्या. मी दोन मार्ग सांगितले. एक, दोन्ही कॉलममधल्या सहा जुन्या स्पीकरांच्या वायरी बदलून ते नव्यांना जुळवायचे. पुस्तकाप्रमाणे ते योग्य, पण मग त्यांच्यावर आज आहेत ते ठिपके पुसून दुसऱ्या टोकाला द्यावे लागतील. दुसरा, फक्त दोन नवे उलटे जोडायचे. "जुने ठिपके पुसायचे नाय," त्या म्हणाल्या. मग नव्यांवरचे कारखान्याचे ठिपके मी घासून काढले आणि वायरी बदलून डाग दिले. लाल रंगाची बाटली मी आणली नव्हती. ल्युसीबाई आत जाऊन नखांच्या रंगाची बाटली घेऊन आल्या, नातीची असावी, आणि उदबत्तीची काडी. कॉलमवर वाकून त्यांनी काडी बुडवली, बाटलीच्या काठाला जास्तीचा रंग टिपला आणि लाल वायरीच्या शेजारी ठेवली. काडी थांबली, उचलली गेली. दुसऱ्यावर तसेच. मी शेजारीच होतो. कुठल्या टोकाला, हे त्यांनी मला विचारले नाही. ठिपके एका मापाचे होते, थोडे हललेले.

मी फळी उचलली तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला स्पर्श करून थांबवले. "तपासा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, गरज नाही, बरोबर आहेत. "तपासा. दोन्ही." मी खिशातून सेल काढला. चारही स्पीकरांना लाल ठिपक्यावर टेकवला. टक्, टक्, टक्, टक्. चारही पडदे आत गेले. मग डबी घेऊन चारही चुंबकांवरून गेलो आणि प्रत्येक वेळी सुई कुठे वळली ते मोठ्याने सांगितले. त्या ऐकत होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने मी लिहिले: जुने दोन, चुंबक उलटे, ठिपका बरोबर, नवे दोन, चुंबक सुलटे, ठिपका जाणून बदललेला. खाली तारीख आणि माझे पूर्ण नाव, जयवंत तेरसे. पट्टी नव्हती, ओळ वाकडी आली. मग स्क्रू आवळले.

ल्युसीबाई उठून दारात गेल्या होत्या. कॉस्मस अजून शिडीवर होता, खांद्यावर वायरीचे वेटोळे. "कॉस्मस," त्या म्हणाल्या, "ते तुझ्यामुलं नव्हतं."

"काय माझ्यामुळं नव्हतं?"

"काय नाय. वायर उजवीकडनं घे, डावीकडं माला जलतील."

"आता बोललीस डावीकडून," तो म्हणाला. "नक्की?"

"नक्की," ल्युसीबाई म्हणाल्या.